थायरॉईडची गोळी सुरू आहे? मग नाडीही बघत जा

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या माणसाला छातीत धडधड होऊ लागली, तर त्या गोळीची मात्रा तपासून घ्यावी. परभणीच्या उन्हाळ्यात हे सुचणं अवघडच. घाम, अशक्तपणा, उडालेली झोप, सगळ्याचं खापर उन्हावर फुटतं. मलाही घरच्यांनी पन्हं दिलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला, "ऊन बाधलंय, पडून राहा" म्हणाले. पण आडवं झालं की धडधड जास्तच जाणवायची. उशीला कान टेकला की ठोके ऐकू यायचे आणि त्यांना ताल नसायचा. काही भरभर पडायचे, मधेच एखादा चुकायचा, की पुन्हा पळापळ. चहाची बशी धरली तरी हात थरथरायचा.

शेवटी सेलूहून परभणी गाठली. डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली आणि ईसीजी काढला. पट्टीवर दोन ठोक्यांमधलं अंतर कुठेच सारखं नव्हतं. निदान झालं एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथं रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. रक्ततपासणीत टीएसएच जवळपास शून्यावर आला होता. हा आकडा उलटा चालतो: अंगात थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं औषध, कमी पडलं की वाढतो आणि जास्त झालं की उतरतो. म्हणजे माझ्या अंगात ते गरजेपेक्षा फार जास्त झालं होतं.

डॉक्टरांनी जुने कागद पाहिले आणि कारण सापडलं. मधल्या काळात हाडांसाठी कॅल्शियम सुरू झालं होतं आणि दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेतल्या जात होत्या. कॅल्शियममुळे थायरॉक्सिन पोटात नीट शोषलं जात नाही. त्यामुळे टीएसएच वाढला. एका दवाखान्यात सोबत काय घेता हे न विचारताच 75 मायक्रोग्रॅमची गोळी 125 ची करून दिली. पुढे कॅल्शियम थांबलं, 125 ची गोळी मात्र तशीच राहिली आणि आता ती पुरेपूर अंगी लागू लागली. मात्रा कमी केली, ठोके ताब्यात ठेवणारं औषध दिलं, तेव्हा हळूहळू नाडी ताळ्यावर आली.

हे माझ्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांचा 1994 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की साठीपुढच्या ज्यांचा टीएसएच फार खाली गेलेला असतो, त्यांना दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो.

म्हणून काही गोष्टी सांगते. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्या. आपल्याकडे पिठात सोयाबीन मिसळून दळतात. सोयाबीनमुळेही गोळीचं शोषण कमी होतं, तेव्हा खाण्यातला असा बदल डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्रा बदलली, वजन बरंच घटलं, नवं औषध सुरू झालं किंवा जुनं बंद झालं, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. हे औषध अंगात सावकाश मुरतं आणि सावकाश उतरतं, त्याआधीच्या तपासणीवरून खरा अंदाज येत नाही. मेडिकलमधून नवी बाटली आणली की तिच्यावरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. 25 आणि 125 मध्ये फरक एका आकड्याचा दिसतो, मात्रा मात्र पाचपट असते.

धडधड होते म्हणून गोळी मनानेच बंद करू नका. थायरॉईड कमी पडलं तरी हृदयालाच त्रास होतो. डॉक्टरांना भेटा, ईसीजी आणि टीएसएच दोन्ही करून घ्या. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर येऊन पडायला झालं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. आणि घरात कुणाची थायरॉईडची गोळी सुरू असेल, तर त्यांचा शेवटचा टीएसएच कधी झाला, हे आजच विचारा.