उन्हातून आलेला खाऊ

चैत्र-वैशाखातील ऊन आपल्या वाशिम जिल्ह्यास नवे नाही. पारा चाळीस अंशांपलीकडे चढला म्हणजे कारंज्याची बाजारपेठ काय आणि रिसोडचा रस्ता काय, भर दुपारी सारेच निर्मनुष्य होते. परीक्षेच्या दिवसांतील अशाच एका दुपारी वसतिगृहातील एखाद्या मुलाच्या नावे घरून पार्सल येते अशी कल्पना करा. आत आईने केलेला चिवडा, शंकरपाळे, शेंगदाण्याचे लाडू, थोडे पेढे, आणि धाकट्या बहिणीने हट्टाने घातलेले चॉकलेट आहे. तीन दिवस ते खोके मोटारीत व गोदामात तापत पडले होते. उघडताना डबा हातास चटका देतो. एक मित्र म्हणतो, "टाकून दे, एवढ्या उन्हात त्याचे विष झाले असेल." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, आण इकडे!" या दोघांपैकी खरे कोणाचे?

विचार केल्यास दोघेही अर्धेच खरे बोलत आहेत असे दिसून येईल.

प्रथम आपल्याच घराच्या गच्चीकडे पाहा. ज्या उन्हाचे आपण भय बाळगतो त्याच उन्हात आपल्या आया व आज्या कुरडया, पापड, सांडगे आणि शेवया वाळत घालतात. दिवसभर तापलेले हे वाळवण बिघडत तर नाहीच, उलट वर्षभर टिकते. मग तेच ऊन वाळवणास राखते आणि दुधास नासवते, असे का? या प्रश्नाच्या उत्तरात सर्व विषयाचे मर्म आहे. अन्न बिघडविणारे सूक्ष्म जंतू उष्णतेत वेगाने वाढतात हे खरे. परंतु वाढण्यासाठी त्यांस पाणी लागते. पाणी नसेल तर नुसत्या उबेने त्यांचे काही चालत नाही.

शास्त्रज्ञांनी पदार्थातील मोकळे पाणी मोजण्याचे एक मान ठरविले आहे. शुद्ध पाण्याचा अंक १ धरला, तर ज्या पदार्थाचा अंक ०.८५ च्या खाली असतो त्यात माणसास आजारी पाडणारे जंतू सहसा वाढू शकत नाहीत. अंक ०.६० च्या खाली गेला म्हणजे बुरशीसुद्धा वाढत नाही. कुरकुरीत चिवडा, शेव, फुटाणे, कडक बिस्किटे हे पदार्थ याहूनही पुष्कळ खाली असतात. साखर व मीठ ही पाण्यास बांधून ठेवतात. म्हणूनच मुरंबा व लोणचे ओले दिसत असूनही टिकते. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'दोनदा भाजलेले' असा आहे. लांबच्या प्रवासास निघणाऱ्यांनी भाकरीतील पाणी काढून टाकण्याची ही युक्ती फार पूर्वीच ओळखली होती.

तेव्हा कोरडा, बंद पाकिटातील खाऊ तीन दिवस उन्हात तापला, एवढ्याच कारणाने तो विषारी होत नाही. तथापि उष्णता त्याचे काहीच घेत नाही असे मात्र समजू नये. तळलेल्या पदार्थातील तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते खवट होते, आणि ही क्रिया उष्णतेने त्वरित होते. स्थूलमानाने असे मानतात की, उष्णता दहा अंशांनी वाढली म्हणजे या क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. घरातील थंड कोपऱ्यात २५ अंश उष्णता आहे आणि बंद मोटारीत ५५ अंश आहे असे धरा. फरक तीस अंशांचा, म्हणजे तीनदा दुप्पट, अर्थात आठ पट. मोटारीतील तीन दिवस घरातील चोवीस दिवसांइतके झाले. ज्या पाकिटाचे आयुष्य चार महिन्यांचे होते, त्यातील सुमारे तीन आठवडे उन्हाने खाल्ले. पुष्कळ शिल्लक आहे, परंतु तो खाऊ आता लवकर संपविला पाहिजे. पाकिटावर छापलेली मुदत थंड व कोरड्या जागी ठेवण्याच्या अटीवर दिलेली असते, हे विसरू नये. वास खवट आला, चव कडवट लागली, तर मात्र मोह न धरता तो खाऊ टाकावा.

चॉकलेटाची गोष्ट निराळी. त्यातील कोकोचा स्निग्धांश सुमारे ३४ अंशांस वितळतो, म्हणून आपल्या उन्हाळ्यात ते टिकाव धरीत नाही. पुन्हा घट्ट झाल्यावर त्यावर पांढुरकी छटा येते. ती पाहून बुरशी आली असे अनेकांस वाटते. परंतु तो बहुधा वर आलेला स्निग्धांशच असतो. तसले साधे चॉकलेट रूपाने बिघडले तरी खाण्यास अपायकारक नसते.

आता पेढ्यांकडे वळू. खव्याचे पेढे व बर्फी, ओल्या नारळाच्या वड्या, पुरणपोळी, मलईचे केक यांत जंतूंस पुरेल इतके पाणी असते. हे पदार्थ तीन दिवस उन्हातून आले, तर वास व चव चांगली असली तरीही ते खाऊ नयेत. पुन्हा गरम केले म्हणजे दोष जातो ही समजूतही धोक्याची आहे; काही जंतू अन्नात जे विष सोडतात ते उकळण्यानेही नाहीसे होत नाही. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये भगर व आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो लोक आजारी पडले. शिजविलेल्या, ओल्या अन्नाविषयी किती दक्ष राहिले पाहिजे हे त्या प्रसंगाने आपणांस शिकविले आहे.

डबाबंद पदार्थांची कसोटी डब्यावरूनच करावी. फुगलेला, गळणारा किंवा उघडताना फसकन हवा व फेस सोडणारा डबा चाखूनही पाहू नये. शेंगदाण्याविषयीही एक सूचना आवश्यक आहे. दाणे ओलसर राहिल्यास त्यांवर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते, व ते भाजून किंवा तळून पूर्णपणे नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरात या प्रांतांत असा बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. म्हणून काळवंडलेला, बुरसट वासाचा दाणा निवडून फेकण्याची आईची सवय ही कंजूषपणाच्या उलट, खरी शहाणपणाची आहे.

पालकांसही दोन शब्द विनयाने सांगावेसे वाटतात. फराळ पूर्ण निवल्याखेरीज डब्यात भरू नये. गरम चिवड्याची वाफ झाकणाखाली थंड होऊन तिचे थेंब परत खाली पडतात, आणि जो पदार्थ कोरडेपणामुळे टिकणार होता त्यात आपणच पाणी घालतो. कोरडा व ओलसर खाऊ एका डब्यात ठेवू नये. पेढे पाठविण्याची हौस थंडीसाठी राखून ठेवावी. पार्सल हाती आले म्हणजे मुलांनी ते प्रथम सावलीत निवू द्यावे, पाकीट फाटलेले नाही ना हे पाहावे, मग वास घ्यावा, आणि त्यानंतरच वाटणी करावी.

पवित्र शास्त्रात निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याची कथा आहे. रानात इस्राएल लोकांस रोजचे अन्न रोज मिळे. ज्यांनी ते आज्ञा मोडून सकाळपर्यंत ठेवले त्यांच्या अन्नात किडे पडले. कोणते अन्न आजचे आणि कोणते उद्याचे, हे ओळखणे त्या लोकांस शिकावे लागले, तसेच ते आपणांसही शिकले पाहिजे.

म्हणून त्या वसतिगृहातील मुलाने काय करावे? पेढे दुःख न करता टाकावेत. चिवडा, शंकरपाळे व लाडू हुंगून, पारखून, मित्रांसह आठवड्याभरात संपवावेत. वितळलेले चॉकलेट चमच्याने खावे आणि बहिणीस तसे कळवावे. भीतीने सर्व टाकले तर आईच्या कष्टांचा अपमान होतो. बेफिकिरीने सर्व खाल्ले तर तिच्याच मुलाच्या प्रकृतीस धोका होतो. या दोहोंच्या मधली वाट विचाराची आहे, आणि ती दाखविण्यासाठीच आपण शाळेत विज्ञान शिकतो.