हरणाची शिकार व सावधगिरीचे धडे



एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास मी कांहीं मुलांसह मैदानाच्या कडेला उभा होतों. पलीकडच्या झुडपांत कांहीं तरी हाललें. "तें काय असावें?" असें मीं विचारतांच एकानें 'वासरूं' म्हटलें, दुसऱ्यानें 'कुत्रा' म्हटलें; तिसरा तर मोठ्या खात्रीनें म्हणाला, "सर, भेकर आहे!" थोड्याच वेळानें झुडपांतून आपल्याच शाळेंतील एक लहान मुलगा हरवलेला चेंडू घेऊन बाहेर आला. सगळीं मुलें हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं. त्या तिसऱ्या मुलाच्या हातांत तीरकामठा असता तर काय झालें असतें, हाच विचार माझ्या मनांत आला. आजचा पाठ त्या विचारांतून निघाला आहे.

आपल्या अक्कलकुव्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या डोंगररांगा पसरल्या आहेत. तीरकामठा हा या डोंगरांतील भिल्ल व पावरा बांधवांच्या घरचा जुना सोबती आहे. एके काळीं शिकार ही कोणाच्या पोटाची गरज होती, तर कोणाची हौस. पुढें रानें विरळ झालीं, बंदुका वाढल्या आणि जनावरें कमी झालीं. हरणांमागें धांवणारा चित्ता तर या देशांतून नाहींसाच झाला. त्यांतील अखेरचे म्हणून ज्ञात असलेले तीन चित्ते १९४७ सालीं बंदुकीला बळी पडले. अखेर १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्यांत प्रथम परवाना घेऊन शिकार करण्याची कांहीं सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तीही बंद झाली. आज आपल्या देशांत हौसेसाठीं वा मांसासाठीं हरीण मारणें हा गुन्हा आहे.

तर मग शिकाऱ्याचे धडे आपण कशाला शिकावे, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, शिकार बंद झाली तरी रान आहे, शस्त्रें आहेत, आणि घाईनें हात उचलणारें मन तर सर्वांपाशींच आहे.

या घाईचा दुष्परिणाम आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. शरयूच्या तीरावर अंधारांत घागर भरण्याचा आवाज ऐकून दशरथानें तो हत्तीचा समजला, आणि नुसत्या आवाजाच्या रोखानें बाण सोडला. बाण लागला तो आंधळ्या मातापित्यांच्या एकुलत्या एका मुलाला. जरा नांवाच्या व्याधानें झाडाखालीं पहुडलेल्या श्रीकृष्णाचें पाऊल पाहिलें व त्याला तें हरीण वाटलें. दोघेही नेमबाज होते. नेम चुकला नाहीं, ओळख चुकली. पश्चात्ताप दोघांनाही झाला. परंतु सुटलेला बाण पश्चात्तापानें परत येत नाहीं.

ज्या देशांत शिकारीला अद्याप परवानगी आहे, तेथें हीच गोष्ट शाळेंतील विषयाप्रमाणें शिकवितात. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यानें १९४९ सालीं तरुण शिकाऱ्यांना असें शिक्षण कायद्यानें सक्तीचें केलें. त्याचे मुख्य नियम चार आहेत.

पहिला: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असें समजूनच तिला हाताळावें. 'रिकामी आहे' या समजुतीनें अनेक जीव गेले आहेत.

दुसरा: बंदुकीच्या नळीचें तोंड थट्टेनें सुद्धां कोणाकडे वळवूं नये.

तिसरा: आपण कशावर नेम धरला आहे, आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हें पूर्णपणें ओळखल्यावांचून शस्त्र सोडूं नये. लहानशा .२२ बंदुकीची गोळी देखील एक मैलाहून अधिक दूर जाऊं शकते. दगडावर आपटून ती भलतीकडेही वळते.

चौथा: नेम धरून मारण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवूं नये.

यांपैकीं तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्यासाठींच त्या देशांतील शिकारी भडक नारिंगी रंगाचा अंगरखा घालतात. माणसाला तो रंग दुरून दिसतो. हरणाच्या डोळ्यांना मात्र तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नसल्यामुळें तें त्या रंगानें बुजत नाहीं.

ओळखीचा आणखी एक धडा पाहूं. आपण ज्यांना सरसकट हरणें म्हणतों, त्यांत दोन निराळीं कुळें आहेत. चितळ, सांबर व भेकर यांच्या नरांचीं शिंगें भरीव असतात; तीं गळून पडतात व पुन्हां नवीं येतात. काळवीट, चिंकारा व चौशिंगा यांचीं शिंगें आंतून पोकळ असून जन्मभर टिकतात. यांपैकीं चौशिंगा हा चार शिंगांचा प्राणी भारत व नेपाळ यांवांचून जगांत इतरत्र रानांत आढळत नाहीं. चितळाच्या मादीला बहुधा एका वेळीं एकच पाडस होतें. दूध पाजणारी मादी मेली तर तें पाडसही बहुधा जगत नाहीं.

आतां आपल्या घरच्या गोष्टीकडे वळूं. फाल्गुन-चैत्रांत मोह फुलतो. फुलें पहांटेच्या सुमारास गळतात, आणि तीं वेंचण्यासाठीं आपल्या आया-बहिणी टोपली घेऊन उजाडण्यापूर्वींच झाडाखालीं जातात. त्याच फुलांसाठीं हरणें येतात, अस्वलही येतें. आणि हें ठाऊक असल्यामुळें जुना शिकारीही त्याच झाडापाशीं दबा धरून बसे. अंधुक उजेडांत फुलें वेंचणारें वांकलेलें माणूस दुरून जनावरासारखें दिसतें, हें ध्यानांत ठेवा. म्हणून मोहाखालीं एकट्यानें जाऊं नये; चार जणांनीं मिळून, मोठ्यानें बोलत, नीट उजाडल्यावर जावें. आवाजानें अस्वलही बहुधा दूर होतें, आणि येथें माणसें आहेत हें सर्वांस कळतें.

पालकांनाही एक नम्र विनंती आहे. पीक राखण्यासाठीं कोणी फांस लावतात, तर कोणी कुंपणाच्या तारेंत विजेचा प्रवाह सोडतात. तार हरीण व माणूस असा भेद करीत नाहीं. रात्रीं पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा गुरें शोधणारा आपलाच मुलगा तिला बळी पडूं शकतो. शिवाय फांस लावणें, विष घालणें, हांका करून जनावर पकडणें, एवढेंच काय, तसा प्रयत्न करणें, हीही कायद्याच्या दृष्टीनें शिकारच होय. काळवीट, चिंकारा व चौशिंगा यांसारख्या विशेष संरक्षित प्राण्यांच्या शिकारीस ३ ते ७ वर्षें कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें निदान २५,००० रुपये दंड आहे. प्राण वांचविण्यासाठीं शुद्ध हेतूनें जनावराला मारावें लागलें, तर मात्र कायदा तो गुन्हा मानीत नाहीं. हरणांनीं पीक खाल्लें, तर वनखात्याकडे अर्ज करून नुकसानभरपाई मागण्याची सोय आपल्या राज्यांत आहे. तो मार्ग कदाचित् लांबचा वाटेल. पण त्यांत कोणाच्या घरचा दिवा विझत नाहीं.

मुलांनो, घरीं जुना तीरकामठा भिंतीला टांगलेला असेल, तर त्याचा मान राखा. आजोबांना विचारा, तो कसा करीत, वांबू कोणता घेत, दोरी कशाची वळीत. त्यांना आणखी एक प्रश्न अवश्य विचारा: "बाण सोडण्यापूर्वीं तुम्ही काय पाहत असां?" खरा जाणता शिकारी आपल्या नेमाची फुशारकी मारणार नाहीं. तो आपण किती वेळां कामठा खालीं ठेवला, हेंच सांगेल.

ज्याला आपण नीट ओळखलें नाहीं, त्याच्यावर हात उचलूं नये. मग तें झुडपांत हाललेलें जनावर असो, किंवा वर्गांत नवा आलेला अनोळखी मुलगा असो. एवढें मनांत ठसलें, तर हा पाठ वायां गेला नाहीं असें मी समजेन.