फकीर, मिस्कीन आणि गरीब

‘गरीब’ हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ परका, परदेशी असा आहे. मराठीत तो निर्धनासाठी रूढ झाला आणि ‘गरीब स्वभावाचा’ म्हणताना निमूट माणसासाठीही. ‘फकीर’ म्हटले की आपल्यासमोर झोळी घेऊन दारोदार फिरणारा मनुष्य उभा राहतो. अर्थ असा संकुचित झाला, की जकातीचा खरा हकदार ओळखण्यात चूक होते.

सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांतील पहिले दोन फकीर आणि मिस्कीन. भाषातज्ज्ञ ‘फकीर’ शब्दाचा संबंध पाठीच्या मणक्यांशी जोडतात : अभावाने ज्याचा कणा मोडला तो. ‘मिस्कीन’चे मूळ ‘सुकून’ म्हणजे स्थिरतेत आहे : गरजेने ज्याची हालचाल खुंटली तो. दोहोंत अधिक विपन्न कोण? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते मिस्कीन, तर इमाम शाफई (रह.) यांच्या मते फकीर. दुसऱ्या मताच्या पुष्ट्यर्थ सूरह कहफचा दाखला दिला जातो. तेथे ज्यांच्या नावेत छिद्र पाडले गेले, त्यांना कुरआनने मिस्कीन म्हटले आहे. परंतु ते समुद्रावर कष्ट करीत होते आणि नाव त्यांचीच होती. म्हणजे हाती काम व साधन असूनही मनुष्य मिस्कीन असू शकतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हा अर्थ अधिक स्पष्ट केला. घासभर अन्नासाठी किंवा एकदोन खजुरांसाठी लोकांकडे फिरणारा खरा मिस्कीन नव्हे. ज्याची गरज भागत नाही, ज्याची अवस्था कोणाच्या ध्यानी येत नाही आणि जो स्वतः मागत नाही, तो खरा मिस्कीन, अशी शिकवण बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत आहे. सूरह बकरहच्या २७३व्या आयतीतही अशाच स्वाभिमानी फकिरांचे वर्णन आहे. ते याचना करीत नाहीत, म्हणून अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो.

आता आपण स्वतःला विचारावे. रमजानमध्ये दारी येणाऱ्याच्या हाती पैसे ठेवून आपण निश्चिंत होतो. पण ज्याची सारी कमाई रिक्षाच्या हप्त्यात जाते तो भाऊबंद, मुलांची फी थकलेली शेजारची विधवा भगिनी, यांची चौकशी कोणी केली? ते मागणार नाहीत. त्यांना शोधणे हे आपले काम आहे. देताना ‘ही जकात आहे’ असे सांगणे आवश्यक नाही. देणाऱ्याची नीयत पुरेशी आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

आणि देणाऱ्यानेही गर्व करू नये. सूरह फातिरच्या १५व्या आयतीनुसार सर्व मानव अल्लाहसमोर फकीर आहेत. निरपेक्ष तोच एक आहे. एक फकीर दुसऱ्या फकिराला अल्लाहच्याच मालातून देत असतो.

अल्लाह आम्हांस न मागणाऱ्यांची गरज ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.