टेबल टेनिस

टेबल टेनिसला मैदान लागत नाही, एक मोठी खोली पुरते. टेबल २.७४ मीटर लांब असते, मधोमध जाळी. चेंडू पोकळ, जेमतेम २.७ ग्रॅम वजनाचा. सर्व्हिस करताना चेंडूचा एक टप्पा आपल्या बाजूला व दुसरा जाळीपलीकडे पडतो. मग प्रत्येकाने एका टप्प्यानंतर तो परतवायचा. आधी ११ गुण मिळवणारा गेम जिंकतो. १०-१० झाले, तर दोन गुणांची आघाडी लागते.

या खेळातील एक थोर खेळाडू म्हणजे रूमानियाच्या अँजेलिका रोझेआनु. त्या यहुदी होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना क्रीडागृहात पाऊल टाकायचीही बंदी झाली. ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. पण युद्धानंतर त्यांनी पुन्हा बॅट हाती घेतली आणि १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षे महिला एकेरीचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांतले १९५२ चे विजेतेपद आपल्या मुंबईत! १९६० मध्ये त्या इस्राएलमध्ये येऊन राहिल्या.

स्वाध्याय : १९५२ साली तुमच्या घरातील कोण मुंबईत होते? वडीलधाऱ्यांना मराठीत विचारा आणि उत्तर वहीत लिहा.