आधी पॅच, मग अर्ज

पुणे, ५ जानेवारी

सई,

गूगल समर ऑफ कोडला, म्हणजे ओपन सोर्स संस्थांसाठी मानधनावर कोड लिहिण्याच्या उपक्रमाला, अर्ज करायचं म्हणतेस, हे ताईकडून कळलं. तू पाठवलेली संस्थांची लांबलचक यादीही पाहिली. ती बाजूला ठेव. अर्ज जास्तीत जास्त तीन करता येतात आणि निवड झाली तर एकाच ठिकाणी होते. मार्चअखेर अर्ज भरायचे म्हणजे हातात पुरते तीन महिनेही नाहीत. एवढ्यात एका प्रकल्पाची नीट ओळख झाली तरी पुष्कळ.

मी लिबरऑफिस सुचवतो, कारण तू ते वापरतेस. आजोबांच्या कीर्तनाच्या वह्या त्यातल्या राइटरमध्ये उतरवून काढताना जोडाक्षर तुटलं की तू किती चिडायचीस, ते मी पाहिलंय. ती चिडचिड हेच तुझं भांडवल. ज्या प्रोग्रॅमने कधी छळलं नाही त्यात काय सुधारायचं, हे सुचत नाही. मग मुलं संस्थेने सुचवलेल्या विषयांचीच वाक्यं उलटसुलट करून प्रपोजल लिहितात. मेंटॉरला, म्हणजे संस्थेतल्या मार्गदर्शकाला, ते दुसऱ्या ओळीत कळतं.

पण चिडचिड नोंदवायची रीत असते. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. समजा ‘दऱ्या’ हा शब्द तुटतोय. आधी फाँट बदलून बघ. मग तीच ओळ त्याच फाँटात फायरफॉक्समध्ये उघड. अक्षरांच्या जुळणीसाठी दोघंही हार्फबझ ही लायब्ररी वापरतात. तिथंही तुटला तर खोट बहुधा फाँटात, राइटरवाल्यांना त्रास देऊ नकोस. आणखी एक गंमत करून बघ. हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन पुढे ‘या’, किंवा साध्या ‘र’ला हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग ‘या’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाच्या लेखी वेगळे. एका फाइलीत दोन्ही लिही आणि एक शोधून बघ, दुसरा सापडतो का. नाही सापडला, तर ती दोन ओळींची फाइल, लिबरऑफिसची आवृत्ती, फाँटचं नाव, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं बगझिलावर, म्हणजे लिबरऑफिसच्या दोषांच्या नोंदवहीत, टाक. त्याआधी तीच नोंद कुणी केली नाही ना, ते तपास.

कोडला हात घालायला ‘ईझी हॅक’ नावाची सोपी कामं मुद्दाम राखून ठेवलेली असतात. समर ऑफ कोडला येणाऱ्याने त्यातलं निदान एक आधी पूर्ण केलेलं असावं, अशी लिबरऑफिसची अपेक्षाच असते. कोड सी प्लस प्लसमधला आणि अवाढव्य. पहिला बिल्ड कित्येक तास घेईल, रात्री लावून झोप. तुझे बदल एमपीएल आणि एलजीपीएल परवान्यांखाली देत असल्याचं एकदा लेखी कळवावं लागतं, ते लगेच उरक.

मग पॅच, म्हणजे तुझा बदल, गेरिट या तपासणीच्या साइटवर चढव. इथे नवखी मुलं हमखास हबकतात. तीन ओळींच्या बदलावर सात शेरे येतील: कमिटच्या पहिल्या ओळीत बगचा क्रमांक नाही, अमुक ओळ तमुक फंक्शनमध्ये हवी, चाचणी कुठे आहे? वर -१. त्याचा अर्थ ‘अजून घेता येत नाही’ एवढाच. दुरुस्ती करून नवं कमिट पाठवू नकोस, तेच अमेंड कर. चेंज-आयडी तोच राहिला की गेरिट त्याला दुसरा पॅचसेट मानतं आणि तपासणाऱ्याला नेमका फरक बघता येतो. उत्तराला आठवडा लागला तर रोज आठवण करू नकोस, यातले बरेच जण नोकरी सांभाळून हे करतात. ‘सर, प्लीज गाइड मी’ हे तर मुळीच नको. नावाने हाक मार, आणि काय करून पाहिलं, कुठे अडलं ते लिही.

प्रपोजल यानंतर. एकच मसुदा लग्नपत्रिकेसारखा नाव बदलून तीन ठिकाणी वाटू नकोस, आणि एआयकडून लिहून घेण्याचा मोह टाळ. आठवडावार वेळापत्रकात कोणत्या फायली बदलणार हे यावं. कोड वाचल्याशिवाय ते येत नाही. मध्यावरच्या मूल्यमापनापर्यंत काय चालू स्थितीत दिसेल ते स्पष्ट लिही, कारण मेंटॉरने तिथे पास केल्यावरच पहिला हप्ता मिळतो. साडेतीनशे तासांचा प्रकल्प म्हणजे बारा आठवडे, रविवार सोडून रोज पाच तास. तुमच्या विद्यापीठाची परीक्षा जूनपर्यंत लांबते, तेव्हा १७५ तासांचा बघ, आणि परीक्षेच्या तारखा अर्जात उघड लिही.

मानधन देशागणिक ठरतं, अमेरिकेतल्या मुलाचा आकडा बघून हिशेब मांडू नकोस. अर्जाला मात्र एक पैसाही लागत नाही; ‘निवडीची हमी’ देणाऱ्या क्लासला तुझी मैत्रीण पैसे भरणार आहे म्हणे, तिला हे सांग.

यंदाच्या संस्थांची यादी फेब्रुवारीत लागेल. लिबरऑफिस त्यात नसलं, तरी पॅच पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.

मसुदा मला नको, मेंटॉरना दाखव, मुदतीच्या निदान दोन आठवडे आधी. मुदत उलटली की कानामात्राही बदलता येत नाही. तरीही माझ्याकडे पाठवलास तर इंग्रजी तेवढं तपासून देईन. बिल्डला जागा पुरत नसेल तर माझी जुनी एक टेराबाइटची डिस्क पडून आहे, शनिवारी दादाबरोबर पाठवतो.

तुझा,
मामा