नोकरदार विद्यार्थी आणि ऑनलाइन शिक्षणातील समाधान

प्रश्न : डोंबिवली-ठाण्याहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणारे दूरशिक्षणाचे विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाबद्दल एकाच वेळी खूश आणि नाराज का असतात?

उत्तर : रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार समाधान हे आधीची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या तुलनेतून ठरते, त्यामुळे वेळेच्या सोयीबाबत तृप्त असलेला विद्यार्थी शंकानिरसनाबाबत अतृप्त असू शकतो, आणि त्यात विसंगती काहीच नसते. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये दूरशिक्षण सुरू केले, तेव्हा आधार मुख्यतः छापील साहित्याचा होता. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर मात्र चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच असे चार घटक असतात. यांपैकी चित्रफितीचेच कौतुक अधिक होते, वास्तविक सकाळच्या जलद लोकलमध्ये, जिथे मोबाइल धरायला हात मोकळा मिळणे हेच भाग्य, तिथे आधी उतरवून ठेवलेले ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी पडते. मूळ उणीव मात्र वेगळीच आहे. मायकेल मूर यांनी ‘व्यवहारात्मक अंतर’ ही संकल्पना मांडली असून, तिचा अर्थ शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील मैलांचे नव्हे, तर समजुतीचे आणि संवादाचे अंतर असा आहे. हे अंतर चित्रफितींची संख्या वाढवून घटत नाही, तर रात्री विचारलेल्या शंकेला ठरावीक मुदतीत उत्तर मिळाल्याने आणि परीक्षेचे वेळापत्रक पुरेसे आधी कळल्याने, म्हणजेच कार्यालयात रजा मागणे शक्य झाल्याने, घटते.