बालकाचे शयनस्थान, पावसाळी ओल आणि धूपन

आषाढ लागला की गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील चिकित्सालयांत कास-प्रतिश्यायाच्या बालरुग्णांची संख्या वाढते. सितोपलादी, तालीसादी यांची योजना होते, उपशय मिळतो, आणि आठ दिवसांत तेच मूल पुन्हा समोर बसते. अशा वेळी औषध बदलण्यापूर्वी मूल रात्री कोठे झोपते, हे विचारावे.

लालबागच्या एका चाळीतील सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. तमक श्वासाचा पूर्वेतिहास असूनही खोलीत सकाळ-सायंकाळ गुग्गुळ, वेखंड व कडुनिंबाचे धूपन करण्यास आम्हीच सांगितले होते. रात्रीचा खोकला वाढला तेव्हा घरी जाऊन पाहिले. मुलाची कापसाची गादी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली, गिलावा फुगलेला, गादीच्या खालच्या अंगाला काळी बुरशी. खोलीतच मोरी, स्वयंपाक आणि दोरीवर ओले कपडे. धूर टिकावा म्हणून एकुलती खिडकी बंद. ओल तशीच राहिली होती आणि वर धुराची भर पडली होती.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागार वर्णिले आहे. ते अंधाररहित, थेट झोतापासून सुरक्षित, तरीही एका बाजूने हवा खेळणारे असावे. मळलेले अंथरूण टाकून द्यावे. दुसरे नसल्यास तेच स्वच्छ धुऊन, धूपवून, कोरडे करून वापरावे. तेथील धूपनद्रव्यांची यादी वस्त्रे व अंथरूण-पांघरुणासाठी आहे. काश्यपसंहितेतील धूपकल्पात बालकांसाठी धूप आहेत, हे खरे. परंतु चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात हिक्का-श्वासाच्या हेतूंमध्ये धूळ व धूर स्पष्टपणे सांगितले आहेत, आणि ढगाळ, पावसाळी, थंड हवेने तमक वाढतो असेही म्हटले आहे. श्वासाच्या रुग्णाला हे दोन्ही हेतू एकाच खोलीत पुरविणे निदानपरिवर्जनाच्या विरुद्ध होय.

औषधालयांच्या मालकांना ओल निराळी समजावून सांगावी लागत नाही. जुलैत लवणभास्कराच्या बरणीत चूर्णाचा गोळा होतो, तेव्हा ते बरणीला घट्ट झाकण लावतात, धूप दाखवीत नाहीत. धुराने भिंतीतील पाणी निघत नाही. जळणाऱ्या काष्ठौषधींतून थोडी वाफच बाहेर पडते.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने मोकळी हवा व प्रकाश यांवर भर दिला होता. १९२० च्या दशकातील बी.डी.डी. चाळींची खोली मात्र सुमारे १६० चौरस फुटांची. अशा घरात ‘मुलाची खोली’ म्हणजे गादीपुरता कोपरा, म्हणून त्या कोपऱ्यापासूनच आरंभ करावा. गादी भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवरून उचललेली असावी. दिवसा ती गुंडाळून ठेवण्याची सवय जागा वाचविते, पण ओल आत कोंडते. उघडीप मिळताच गादी उलटी करून पंख्याखाली ठेवावी. बादलीभर ओल्या कपड्यांतील सारे पाणी खोलीच्या हवेतच जाते, म्हणून ते गॅलरीत, आणि तेही शक्य नसल्यास मूल झोपते त्या कोपऱ्यापासून दूर वाळवावेत. परळच्या नव्या टॉवरमध्येही बाहेरच्या भिंतीला चिकटविलेले कपाट हाच दोष निर्माण करते.

मुंबईत जुलैत बाहेरची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पाऊस पडत असताना खिडकी उघडून खोली कोरडी होत नाही. साधा आर्द्रतामापक ठेवावा. आकडा ६० च्या खाली आणता आल्यास बुरशीची वाढ रोखली जाते. ज्यांना परवडेल त्यांनी आर्द्रताशोषक यंत्र वापरावे. बुरशी कोरड्या फडक्याने झाडू नये; मुलाला बाहेर पाठवून साबणाच्या पाण्याने पुसावी व जागा वाळवावी. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरातील ओल व बुरशी यांचा दम्याशी असलेला संबंध मार्गदर्शिकेत नोंदविला. भिंतच गळत असेल तर मे महिन्यात बाहेरून दुरुस्ती हवी. आतून लावलेला तैलरंग केवळ ओल झाकतो. श्वासाचा वेग वाढला, फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा मुलाला बोलताना दम लागला, तर घरगुती उपाय न करता त्वरित रुग्णालयात पाठवावे. चालू असलेला इनहेलर बंद करू नये.

धूपाच्या पाकिटावर ‘श्वासाच्या रुग्णाजवळ वापरू नये’ एवढी ओळ छापणे औषधालयांना कठीण नाही.

त्या मुलाचे धूपन आम्ही थांबविले, गादी बदलली, कोपरा बदलला. गणपतीपर्यंत तो रात्रभर झोपू लागला. भिंत मात्र त्या वर्षी दुरुस्त झाली नाही. घरमालक आणि भाडेकरू यांचा वाद चालू होता.